एका चाचणीत पोरांची पारख होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय स्पर्धांच्या बातम्या सध्या आपल्या अंकात रोज येत आहेत. तालुका, जिल्हा, विभाग असं करत पोरं पुढं जातात, फोटो छापून येतात. मी त्या बातम्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्यात एक गोष्ट मला फार दिवसांपासून खटकते. जिंकलेल्या पोराबद्दल ‘जन्मजात गुणवत्ता’, ‘उपजत खेळाडू’, ‘दैवी देणगी’ असं काहीतरी लिहिलेलं असतंच. पहाटे उठून त्या पोरानं काय केलं, किती वर्षं केलं, याची एक ओळही नसते. आणि जी पोरं निवडली गेली नाहीत त्यांच्या घरी हाच अंक येतो. ती पोरं हे वाचून समजून जातात, की आपल्याकडं ती देणगी नाही, मग कशाला पळायचं?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार आहे. ३१ वर्षं हळदीची पोती काट्यावर चढवतोय. खेळातला मोठा जाणकार नाही. लहानपणी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळलो, तेवढंच. पण माझी धाकटी मुलगी कबड्डी खेळते आणि तिच्यावर जे गुजरलं त्यामुळं हे पत्र लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी ती आठवीत असताना एका प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीला मी तिला घेऊन गेलो. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एका केंद्राचा नाही. त्या दिवशी कामावर खाडा केला, पहिल्या एसटीनं निघालो. तिथं भिंतीला टेप लावलेली होती. उंची १४७ सेंटिमीटर भरली. मग उभ्यानं उडी झाली, ३० मीटर धाव झाली. तिच्या हाताला कुणी हात लावला नाही, तिला मैदानावर एक पकड करू दिली नाही. कागदावर खूण झाली आणि साहेब म्हणाले, “उंची नाही, वेग नाही. पुढची.” आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा मिनिटं झाली असतील. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, तासगाव नाक्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर मीच तिला म्हणालो, “जाऊ दे बाळ, अभ्यासाकडं बघ.” ते वाक्य मी बोललो याचं मला आजही वाईट वाटतं.

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. रविवारी त्याचा फोन येतो. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “दादा, पोरीला एवढ्यात बसवू नकोस. इथल्या फुटबॉलची एक गोष्ट सांगतो, तिलाही ऐकव.” ती गोष्ट जिम स्टाइन्सची. त्या दिवसापासून आमच्या घरात ऑस्ट्रेलियाचा हा फुटबॉल शिरला तो शिरलाच.

वाचकांसाठी दोन शब्दांत सांगतो. हा आपल्या टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल नव्हे. मैदान क्रिकेटचं असतं तसं लांबट गोल. एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू अंड्याच्या आकाराचा, कातडी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारला तर ६ गुण, बाजूच्या खांबातून गेला तर १. चेंडू फेकता येत नाही, एका हातावर धरून दुसऱ्या मुठीनं ठोसून द्यायचा किंवा पायानं मारायचा. घेऊन पळायचं तर ठरावीक अंतरानं जमिनीवर आपटत पळायचं. अंगावर जाऊन धरायला मुभा आहे, म्हणून आमच्या मुलीला तो चटकन कळला. ती म्हणाली, “आप्पा, ही तर पकडच की.”

भावानं एकदा तो चेंडू पाठवला. अंगणात मी तो सरळ खाली सोडला तर टोकावर पडून छातीशी आला. दुसऱ्यांदा तसाच सोडला तर आडवा होऊन थेट गटारीकडं गेला. वीस वेळा सोडला, वीस दिशांना गेला. असल्या चेंडूला पायाशी वळण लावायला किती दिवस लागत असतील, हे अंगणात त्याच्यामागं पळताना कळतं.

आता जिम स्टाइन्स. हा आयर्लंडमधल्या डब्लिनचा पोरगा. १९८४ साली, अठरा वर्षांचा असताना मेलबर्नला आला. तिकडच्या मेलबर्न क्लबनं आयर्लंडमधून पोरं आणून त्यांना आपला खेळ शिकवायचं ठरवलं होतं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. स्टाइन्स त्याच्या देशाचा गेलिक फुटबॉल खेळायचा, त्यात चेंडू गोल असतो. उंची त्याला होती, १९९ सेंटिमीटर, ते मी लपवत नाही. दमही होता. पण हा अंड्याचा चेंडू त्यानं हातात धरलेला नव्हता. जी गोष्ट तिथली पोरं चालायला लागल्यापासून शिकतात ती हा अठराव्या वर्षी पहिल्यापासून शिकला. मध्ये त्याला दुय्यम स्पर्धेतल्या एका क्लबकडं खेळायला पाठवलं. मुख्य संघात १९८७ साली आला.

आणि त्याच वर्षी त्याच्या हातून ती चूक झाली. उपांत्य सामना, समोर हॉथॉर्न. शेवटचे काही क्षण, मेलबर्न पुढं. जिंकले असते तर १९६४ नंतर मेलबर्नला पहिल्यांदा अंतिम सामना मिळाला असता. हॉथॉर्नचा गॅरी बकेनारा गोलसाठी लाथ मारायला उभा होता. पण अंतर फार होतं. अशा वेळी त्या खेळाडूच्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मधून कुणी जायचं नसतं. स्टाइन्स गेला. तिथंच वाढलेल्या पोराच्या हे अंगात भिनलेलं असतं, ह्याच्या नव्हतं. पंचानं १५ मीटरचा दंड दिला, बकेनारा तेवढा पुढं आला, भोंगा वाजल्यावर त्यानं लाथ मारली आणि गोल झाला. मेलबर्न दोन गुणांनी हरलं.

भाऊ हे सांगत होता तेव्हा मुलगी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, “काका, मग त्याला काढलं का?”

काढलं नाही. उलट तो सलग २४४ सामने खेळला. म्हणजे १९८७ पासून १९९८ पर्यंत एकही सामना चुकवला नाही. हाडं दुखावली, बरगड्या दुखावल्या, तरी हा मैदानावर. त्या स्पर्धेत इतके सलग सामने २०२५ पर्यंत दुसऱ्या कुणाचे नव्हते. १९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळालं. हे पदक पंच देतात. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात आणि हंगामाच्या शेवटी मोजतात. चूक दाखवून ज्याला पंचानं दंड केला त्यालाच चार वर्षांनी पंचांनी सगळ्यांत चांगला ठरवलं. पुढं स्टाइन्सनं वाट चुकलेल्या तरुण पोरांसाठी संस्था काढली, मग कर्जात बुडालेल्या आपल्याच क्लबचा अध्यक्ष झाला, कॅन्सरशी झुंजत काम केलं. २०१२ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा त्याच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

त्या रात्री मुलगी झोपली नाही. सकाळी म्हणाली, “आप्पा, उद्यापासून तुम्ही माझ्यावर चढाई करा.”

तेव्हापासून पहाटे साडेपाचला आमच्या मागच्या मोकळ्या जागेत मी चढाई करतो आणि ती माझा घोटा धरते. यार्डातून फाटकी बारदानं आणली, त्यात भुसा भरून पसरलाय, म्हणजे पडल्यावर गुडघे सोलत नाहीत. ती डाव्या कोपऱ्यात उभी राहते. घोटा धरायचा म्हणजे नुसती झेप नव्हे. माझा पाय टेकून परत उचलायच्या आतला जो क्षण असतो तेवढ्यात खाली जायचं, दोन्ही हातांची कडी घालायची, खांदा नडगीला भिडवायचा आणि मागं ओढायचं. एक क्षण आधी गेली तर मी वरून निसटतो, एक क्षण उशीर झाला तर माझी लाथ बसते. पहिल्या महिन्यात शंभरातल्या दहा-बारा पकडी लागायच्या. माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती रोज रेघा मारते, लागलेल्या उभ्या, सुटलेल्या आडव्या. आता शंभरात साठच्या वर उभ्या असतात. तिची उंची १५२ झाली. पण उभ्या रेघा उंचीनं वाढलेल्या नाहीत.

उंचीवरून टोनी लिबेराटोर आठवला. हा आमच्या घरातला सगळ्यांत लाडका. १६३ सेंटिमीटर. आपल्या यार्डातल्या हमालांतही हा उंच म्हणून उठून दिसला नसता, मग त्या खेळात तर शेजारी दोन-दोन मीटरचे गडी. फुट्सक्रे क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट ठरला. तरीही दुय्यम संघात राहावं लागलं. तिथं १९८६ आणि १९८८ असा दोनदा सर्वोत्कृष्ट ठरला. १९९० साली मुख्य स्पर्धेत ब्राउनलो पदक घेतलं. तिन्ही पातळ्यांवरची ही पदकं घेणारा दुसरा खेळाडू झालेला नाही. त्याचं हत्यार काय, तर पकड. समोरच्याला चेंडूसकट धरायचं आणि सोडायचं नाही. २८३ सामने खेळला. भिंतीवरच्या टेपनं त्याला एकोणिसाव्या वर्षी ‘पुढची’ म्हटलं असतं तर हे सगळं कुठं गेलं असतं?

मॅट प्रिडिसचं तर टेपपाशीच अडलं होतं. तिकडं दरवर्षी अठराच्या आसपासची पोरं क्लब निवडून घेतात. त्याआधी चाचण्या होतात. २० मीटर धाव, उडी, लांब पल्ल्याची धाव, आपल्यासारखंच. प्रिडिस हळू होता. एका वर्षी नाही निवडला, पुढच्या वर्षीही नाही. तो पर्थमधल्या सुबियाको या स्थानिक क्लबकडं खेळत राहिला. शेवटी वेस्ट कोस्ट या मोठ्या क्लबनं त्याला शिकाऊ यादीत घेतलं. २००६ साली त्यानं स्थानिक स्पर्धेतलं सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक मिळवलं, त्याच वर्षी मुख्य संघात आला. आणि २०१४ साली २६ मतं घेऊन ब्राउनलो. तरी तो कधी वेगवान झाला नाही. घोळक्यात चेंडू जिथं पडणार तिथं तो आधीच वाकलेला असायचा, एवढंच. २४० सामने त्याच जोरावर खेळला.

सॅम मिचेललाही ठेंगणा आणि हळू म्हणून २००० सालच्या निवडीत कुणी घेतलं नाही. एक वर्ष खालच्या स्पर्धेत खेळून पुढच्या वर्षी ३६ व्या क्रमांकावर हॉथॉर्नमध्ये आला. दोन्ही पायांनी इतकं सारखं मारायचा की त्याचा खरा पाय कोणता हे कळत नसे. चार अजिंक्यपदं, त्यातलं २००८ चं कर्णधार म्हणून. २०१२ चं ब्राउनलोही पुढं त्याच्याकडं आलं. दोन पायांवरून जुना बॉब स्किल्टनही सांगावासा वाटतो. साउथ मेलबर्नचा, हाही बुटका. लहानपणी वडिलांनी त्याला भिंतीवर चेंडू मारायला लावलं. एकदा उजव्यानं, परत आला की डाव्यानं, तासन् तास. त्यानं तीन वेळा ब्राउनलो घेतलं. १९५९, १९६३ आणि १९६८. बाप आणि भिंत, एवढंच त्याचं प्रशिक्षण केंद्र. मला हे वाचून धीर आला.

संपादक महोदय, माझा मुद्दा असा नाही की गुणवत्ता नसते. असते. मीही बघितलीय. आमच्या गावात एक पोरगा होता, पहिल्याच चढाईत तिघांना मारून यायचा. पण एक चाचणी घेऊन दहा मिनिटांत ती दिसते, हे मला मान्य नाही. माझं आयुष्य काट्यावर गेलंय. काटा पोत्याचं वजन सांगतो, हळदीचा भाव नाही सांगत. भावासाठी व्यापारी हळकुंड मोडून आतला गाभा बघतो. आणि तेही केव्हा? हळद शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून बाजारात आल्यावर. जमिनीतून काढलेलं ओलं हळकुंड बघून कुणी म्हणत नाही, की हिला रंग नाही, टाकून द्या.

ऑस्ट्रेलियातल्या त्या स्पर्धेकडून घेण्यासारखं मला वाटतं ते ही दुसरी यादी. मुख्य निवड झाली की तिथं दार बंद होत नाही. उरलेल्यांतून क्लब शिकाऊ म्हणून काहींना घेतात, पैसे कमी देतात, पण सराव बरोबरीनं करू देतात आणि चमकला की वर घेतात. वेस्ट कोस्टचाच डीन कॉक्स असाच शिकाऊ यादीतून येऊन २९० सामने खेळला. जेम्स पोड्सिएडली तर जिलाँग क्लबमध्ये खेळाडूंच्या व्यायामाचं काम बघायचा. आधी दोन क्लबांच्या यादीत राहून मुख्य संघात एक सामनाही मिळाला नव्हता. २०१० साली, २८ व्या वर्षी, त्याच जिलाँगकडून पहिल्यांदा उतरला आणि पुढच्याच वर्षी अजिंक्य संघात होता. अठ्ठावीस! आपल्याकडं चौदा वर्षांच्या पोरीला ‘पुढची’ म्हणून बाहेर काढतात.

असं नाही की आपल्या मातीत ही उदाहरणं नाहीत. शेजारच्या जिल्ह्यातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथंच कुणी त्यांच्यावर फुली मारली असती तर? चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक आलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आणि आपल्या सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानटपरी, पहाटे उठून कामाला हातभार, मग व्यायामशाळा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्यपदक घेतलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. यार्डात त्या दिवशी पेढे वाटले होते. त्याच्या बातमीत टपरीबद्दल चार ओळी आल्या, रोजच्या सरावाबद्दलही दोन आल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. चाचणी घेणाऱ्यांनी ज्यांना नाकारलं त्यांच्या हातात एक कागद द्यावा, काय कमी पडलं ते लिहून. ‘उंची नाही’ एवढं नको, ‘पकडीच्या वेळी हात सुटतात, यावर काम करा’ असं. नाकारलेल्यांची दुसरी यादी ठेवावी आणि त्या पोरांना सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावं. आणि कबड्डीच्या चाचणीत निदान पाच मिनिटं कबड्डी खेळवावी. याला पैसा लागत नाही. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांनी मनावर घेतलं तर येत्या हंगामापासून होईल. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच्या खिशातून पोरांना केळी-अंडी आणून देतात हे मी बघितलंय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आपल्या दैनिकाकडं दोन विनंत्या. एक, चाचणीची तारीख आणि ठिकाण निदान पंधरा दिवस आधी छापा. आमच्यासारख्या रोजंदारीवाल्याला खाडा धरायचा तर आधी सांगावं लागतं. गेल्या वेळी आम्हाला आदल्या रात्री नऊला कळलं. दुसरी, बातमीदारांना सांगा, की जिंकलेल्या पोराला एवढंच विचारा: उठतोस किती वाजता, आणि कोण उठवतं?

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नला त्यांचा अंतिम सामना असतो. तिकडं दुपारी अडीच म्हणजे आपल्याकडं सकाळचे दहा. गेल्या वर्षी भावानं आपला फोन टीव्हीसमोर धरून ठेवला आणि आम्ही दोघांनी इथून बघितला. अर्ध्या वेळी मुलगी उठली आणि अंगणात जाऊन बारदानं सारखी करायला लागली. मी विचारलं, सामना बघायचा नाही का? म्हणाली, “सकाळच्या चाळीसच झाल्यात आप्पा, साठ राहिल्यात.”

आम्ही दोघं बाहेर गेलो. भाऊ तिकडं फोन धरूनच होता.

आपला नम्र,
एक तोलाईदार,
मार्केट यार्ड, सांगली

(मुलगी यंदा पुन्हा चाचणीला जाणार आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)